अज्जीचं चौथं मत

हॅलो?… हॅलो, शिवलीला?… अगं मी. अप्पा… हां, आता येतंय. जरा मोठ्यानं बोल की पोरी. टॉवेलच्या मागांनी कान खाल्लेत माझे, तुला ठाऊक आहे.

काय करायलीस?… बाळ झोपलंय?… बरं झालं. मग तू बस… मी म्हणतो म्हणून बस… नाही, मला काही झालं नाही. मामालाही काही नाही. अगं बस तर आधी.

बसलीस?

अज्जीला कळलं… आज… तुझ्या अव्वाचं, दुसरं काय. रत्नव्वा गेली हे अज्जीला कळलं.

हॅलो?… शिवी?… आहेस ना?

अगं नाही, मी नाही सांगितलं… मामानं पण नाही. मामीनं पण नाही… शेजारपाजारचं कुणी नाही गं. ऐक ना, सांगतो सगळं… व्यवस्थित आहे ती. बीपी बघितलं, काही वाढलेलं नाही. दुधात अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली. आता आतल्या खोलीत पडलीय. मी मामाच्या गॅलरीत उभा आहे, दार लोटून घेतलंय.

रडू नको… रड, पण हळू रड. बाळ उठेल.

तुला घाईनं लावला ते एवढ्यासाठी की आता दिवेलागणीला तू फोन करशील. रोज करतीस तसा, अव्वा होऊन… हां, तेच. आज तसं करू नको, बाई. आज शिवलीला म्हणून बोल.

कसं कळलं म्हणजे… सांगतो की. सकाळपासून सांगतो, म्हणजे तुला नीट समजेल. मधे बोलू नको, माझी गाडी रुळावरनं घसरती.

आज मतदान होतं ना महापालिकेचं… हो, गड्ड्याच्या जत्रेचीच गर्दी, त्यात हे. अर्धे रस्ते यात्रेनं अडवलेले, उरलेले पोलिसांनी. माझं मत मी सकाळीच आपल्या शाळेत देऊन आलो. कारखाना बंद होता, मतदानाची सुट्टी. घरी येऊन चहा ठेवतोय तेवढ्यात मामाचा फोन. म्हणाला, दाजी, आमची अव्वा हट्टाला पेटलीय. मला मताला न्या म्हणतीय.

मामानं सांगून बघितलं तिला. तुला दिसत नाही, मांडीत सळई आहे, कशाला दगदग. तर म्हणाली, मत द्यायला डोळे कशाला लागत्यात? मागल्या खेपेला कुटं होते?

हो ना… अगं तीच तर पंचाईत. दर वेळी तुझी अव्वाच न्यायची तिला. आंधळ्या माणसाबरोबर घरचं एक जण आत जाऊ शकतं. त्यांनी सांगायचं, आपण बटण दाबायचं आणि बाहेर येऊन कुणाला सांगायचं नाही, तसं लिहून द्यायचं. मी कितीदा तरी विचारलं असेल तुझ्या अव्वाला, आईनं कुणाला दिलं गं? तर म्हणायची, सही केलीय मी, नवऱ्यालाही सांगायचं नाही असं तिथं लिहिलंय. नवऱ्याचं काही लिहिलेलं नसतं तिथं. आज वाचलं मी.

काय?… मामाबरोबर का नाही गेली? नको म्हणाली. त्याच्या तोंडावर म्हणाली. तुझ्या पोटात काय राहत न्हाय, तू दारातनं भायेर यायच्या आत गल्लीला कळंल मी कुणाला दिलं. अळियाला बोलवा. जावई माणूस, बोलतोय कुटं?

हसलीस ना? हस… मामा पण तसलाच. पांढरा शर्ट घालून त्यांच्या गल्लीतल्या शाळेबाहेर टेबल टाकून बसलेला, चिठ्ठ्या वाटायला. कुणाच्या ते विचारू नको. दर वेळी टेबल तेच असतं, वरचं कापड बदलतं.

पण मला खरं सांगू का शिवी, तिला तिथं न्यायचीच धास्ती होती. ती शाळा म्हणजे तुझ्या अव्वाचं अख्खं माहेर. मयतीला आलेली सगळी माणसं तिथं रांगेत उभी असणार. कुणीतरी जवळ येणार, अज्जीचा हात धरणार, वाईट झालं हो रत्नव्वाचं म्हणणार. संपलं. श्रावणापासून झाकून ठेवलेलं एका वाक्यात उघडं.

आपण तरी काय हौसेनं झाकलं होतं का? तिच्या मांडीचं ऑपरेशन झालेलं, ती दवाखान्यात आणि इकडं तुझी अव्वा भाजी निवडता निवडता गेली. डॉक्टरच म्हणाले, म्हातारीला एवढ्यात सांगू नका. एवढ्यात एवढ्यात म्हणता संक्रांत आली… हो, तुझा काय दोष त्यात. तू पोटुशी. तुझ्या बाळंतपणाला अव्वा पुण्याला गेलीय असं मामानं सांगून टाकलं आणि मग ते पुढं ओढत न्यावं लागलं. ऐक की आता.

तर मी ठरवलं, दुपारी जेवणाच्या वेळेला न्यायची. तेव्हा माणूस कमी असतं. मामीनं तिला इरकल नेसवली, हिरवी. कपाळाला विभूती लावली. रिक्षा केली. वाटेत मला म्हणाली, अळिया, गप का रं? म्हटलं, काही नाही, रस्ता बघतोय. म्हणाली, रस्ता रिक्षावाला बघतोय की.

शाळेच्या फाटकात शिपायानं चाकाची खुर्ची आणली. चांगली सोय होती, खोटं कशाला बोलू. मांडव होता, पाणी होतं. खुर्चीत बसवली, मी मागनं ढकलतोय. आणि बघतो तर समोरून कोण? श्रीदेवी काकू… हो, तीच. अव्वाची शाळेतली मैत्रीण, मयतीत जिला आवरत नव्हतं ती. मत देऊन बाहेर यायलीय. अज्जीला बघितलं आणि पदर डोळ्याला लावतच निघाली आमच्याकडं.

मी काय करणार? खुर्चीमागनं दोन्ही हात हलवतोय. नको नको. तोंडावर बोट ठेवतोय. लोकांना वाटलं असेल ह्याला झटका आला. पण काकू हुशार बाई, पुण्याचं तिच्या कानावर होतं. जागच्या जागी गिळलं तिनं. आली, अज्जीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, बरं आहे का मावशी? रत्नव्वा पुण्यालाच का अजून? नातवात रमली वाटतं.

अज्जी काय म्हणाली असेल?… म्हणाली, व्हय, रमलीय म्हणं.

एवढंच. काकूचा हात थोपटला आणि मला म्हणाली, चल.

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, सिद्धरामा, एवढं आतलं पार पाड, झालं.

आत खोलीत मोठ्या मॅडम बसलेल्या. नातेपुत्याकडच्या होत्या, शेजारच्याशी बोलताना कळलं. सकाळपासून बसून कंटाळलेल्या, पण बोलायला नीट. अज्जीचं नाव बघितलं, नीलव्वा. मग अज्जीला विचारलं, आजी, हे गृहस्थ कोण? तुम्हीच आणलंय ना यांना, तुमच्या मर्जीनं?… विचारावं लागतं गं त्यांना. कुणी म्हातारीला धरून आणून भलतंच दाबून जाईल म्हणून. आणि मग विचारलं, मुलगा-मुलगी कुणी नाही का आलं?

मी तोंड उघडलंच होतं. मुलगी पुण्याला असते म्हणायला. जिभेवर तयार होतं, शिवी. श्रावणापासून तेच म्हणतोय की.

तर अज्जीच बोलली. आपलं घरात कानडी, पण तिथं मराठीत बोलली, मॅडमना कळावं म्हणून. म्हणाली, मुलगा हाय, भायेर टेबलावर बसलाय, त्याला आत नको. लेक होती. तीच आणायची मला. श्रावणात वारली. हा तिचा नवरा. ह्याला चालतंय.

…हॅलो?

हां… हो, असंच. अशीच म्हणाली. मंडईत मेथी कशी दिली विचारावं, तसल्या आवाजात. श्रावणात वारली.

मी खुर्चीची मूठ धरून उभा.   ते चिठ्ठ्यावाले एजंट बसलेले असतात ना बाकावर, सगळे ह्याच गल्लीतले, सगळे मयतीला आलेले, ते माना खाली घालून बसले. 

मग मॅडमनी कागद पुढं केला, पेन दिलं. सही करा म्हणाल्या. मला कागदावरची ओळ दिसेना. कुठं करू, कुठं करू असं झालं. तर अज्जीनं मागं हात केला, चाचपडत माझं मनगट धरलं. म्हणाली, सही कर की अळिया. लोक थांबल्यात.

केली… हो, केली सही. वाकडी आली.

बाळ उठलं का? आवाज आला… जरा थोपट. मी थांबतो…

झोपलं? बरं.

तर मग खुर्ची घेऊन त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. ह्या मतदानाचं जरा वेगळं असतं. चार मतं द्यायची असतात एकदम, अ ब क ड. चारी दिल्याशिवाय मशीन वाजत नाही. मी एकेक नाव वाचायचं आणि अज्जीनं सांगायचं, असं. मी कानडीतच वाचायला लागलो हळूच तिच्या कानात. तिकडनं मॅडम म्हणाल्या, काका, मराठीत बोला, काय चाललंय ते आम्हाला कळायला पाहिजे. तर अज्जी काय म्हणावी? म्हणाली, बाई, तुला कळलं तर मग गुप्त कसलं?

सगळी खोली हसली. मॅडम पण हसल्या. बरं बरं, हळू बोला म्हणाल्या.

पहिलं सांगितलं पटकन. दुसरं पण. तिसऱ्याला दोनदा नावं वाचायला लावली, कुणाचा पोरगा हा, कुणाची सून ही, असं सगळं विचारलं आणि मग सांगितलं. मी दाबलं. तिसरं झाल्यावर म्हणाली, साकु. पुरे.

मी म्हटलं, पुरे कसं? अजून एक आहे. मॅडम पण म्हणाल्या, काका, मशीन वाजलं नाही, एक राहिलंय.

अज्जी म्हणाली, ते चौथं रत्नीचं. तिला जो पायजे होता, त्याला दे.

अगं मला पण असंच झालं. मी विचारलं, म्हणजे? म्हणाली, जन्मभर मताच्या बाबतीत मी तिचं एक ऐकलं न्हाय. ती म्हणायची ह्याला दे, की मी त्याला द्यायची. आणि तिच्याच हातानं द्यायची. बिचारी दाबायची की, मी सांगीन ते. घरापर्यंत भांडायची, पण दाबायची. आज एक तिच्या मनाचं दाब.

आणि मला माहीत नव्हतं, शिवी.

नव्हतंच माहीत… कशावरनं असणार? एवढा संसार केला, पण तिनं कधी सांगितलं नाही. मी कधी नीट विचारलं नाही. मला आपलं वाटायचं, मी देतो त्यालाच देत असणार. आता तिथं ती चौथी यादी समोर, निळा कागद, आणि मी बोट धरून उभा. हिला कोण आवडलं असतं?

म्हटलं, आत्या, मला माहीत नाही. तर म्हणाली, तुला म्हाईत न्हाय? नवरा ना तू? म्हटलं, नाही.  मग म्हणाली, मलाबी न्हाय. मला सांगायची एक आणि आपण द्यायची एक, असा मला संशय हाय तिचा.

आणि हसू आलं गं आम्हाला. दोघांनाही. त्या आडोशाला… कसं सांगू तुला. हसताना तिच्या खांद्यावर माझा हात होता, खांदा हलताना कळत होतं. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायलंय आणि हसतोय. मॅडम तिकडनं म्हणतायत, काका, काही अडचण आहे का?

मग मी नावं परत वाचली, मनातल्या मनात. हळूहळू वाचली. एका नावावर बोट थांबलं. दाबलं. आणि वाजलं बघ मशीन, लांबलचक.

कुणाचं?… नाही सांगता येत. सही केलीय.

अगं खरंच नाही सांगणार. तू माझी लेक असलीस म्हणून काय झालं?

बाहेर आलो तर कारखान्यातला गुरप्पा फाटकाशी उभा. माझं डावं बोट सकाळचं काळं, उजवं अज्जीबरोबर आत गेलो म्हणून काळं. ओरडला, काय सिद्धलिंगप्पा, दोन्ही हातांनी मारलंस की रं! नेहमीचं असतं तर मी पण काहीतरी दिलं असतं परत. आज नुसता हात केला.

मामा? मामा आला की पळत टेबलावरनं. एजंटांनी तोपर्यंत आतनं निरोप पोचवला होता. अव्वा म्हणून अज्जीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि जे रडायला लागला. अज्जीनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणाली, ऊठ चनबसप्पा, टेबल सोडून आलास, तुझ्या चिठ्ठ्या वाऱ्यानं जातील.

तेच विचारलं मी पण. रिक्षात. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

म्हणाली, दवाखान्यात असल्यापासनं. म्हणाली, माझी मांडी मोडली, मला कापायला नेलं आणि रत्नी पुण्याला गेली? लेकीला अजून दोन महिने हायत आणि ही आईला टाकून आधीच जाऊन बसली? माझी रत्नी? जी माझं पोट दुखलं तर गॅस बंद न करता पळत यायची ती? मी आंधळी हाय, येडी न्हाय.

हं… बरोबर आहे तिचं. आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही ते.

तुझा आवाज?… ऐक, तेच सांगतोय. तुला वाईट वाटून घ्यायचं नाही. तुझा आवाज चांगला निघायचा म्हणाली. अव्वासारखाच निघायचा. ऊटा आयितेनु, जेवण झालं का, असं विचारायचीस तेव्हा पहिला शब्द तर अगदी रत्नीच, असं म्हणाली. दुसऱ्या शब्दाला कळायचं.

नाही गं, खोटी कशाला म्हणेल तुला? म्हणाली, पोटुशी पोर, आई गेलेली, आणि रोज संध्याकाळी आईचा आवाज काढून माझी चौकशी करतीय. तिला मी कशी म्हणू, बाई, मला म्हाईत हाय म्हणून? फोन ठेवून रडंल ती. पोटातल्याला कळतं. पोर सुखरूप होऊ दे, मग बघू म्हटलं. पोर झालं तर म्हणाली, आता बाळंतीण हाय, दूध आटंल… आपण तिच्यापायी झाकायलोय आणि ती तुझ्यापायी. असं झालं सगळं.

थांब थांब, तसं नाही. वाट बघायची ती तुझ्या फोनची. दुपारपासनं मामीला विचारायची, किती वाजले? माहीत असून विचारायची. म्हणाली, थोडा थोडा तरी रत्नीचा आवाज कानावर पडत होता. तेवढाच.

मी?… मी पण यायचो की त्याच वेळेला. तू फोन करायच्या आत मामाकडं येऊन बसायचो… काही नाही, असंच. फोन मोठ्यावर ठेवायची ना मामी.

…ते राहू दे.

एक मात्र तुझं चुकलं. चुकलं म्हणजे, तुला माहीत असायचं कारण नव्हतं. परवा तिनं तुला फोनवर विचारलं होतं का, रत्नी, यंदा मत कुणाला देऊ?… हां. आणि तू काय म्हणालीस?

तुला वाटेल त्याला दे, अव्वा. असं म्हणालीस ना?

झालं. तिथं कळलं तिला. म्हणजे कळलेलं होतंच, पण म्हणाली, तरी आत कुठंतरी वाटत होतं, मी म्हातारी, माझंच चुकत असंल. रत्नी खरंच पुण्यात असंल, आवाज सर्दीनं बसला असंल. म्हणून मुद्दाम विचारलं. खरी रत्नी असती तर तिथंच भांडण काढलं असतं. अमक्याला दे, तमक्याला दिलंस तर माझ्याशी बोलू नको, ह्या खेपेला मी दाबणारच नाही. तुला वाटंल त्याला दे? आमची रत्नी? म्हणाली, त्या रात्री मी समजले. आता वाट बघायची न्हाय. म्हणून मताला मला न्या म्हणून हट्ट धरला. घरात कुणी बोलू देईना, निदान तिथं कुणीतरी लेक कुटं हाय म्हणून विचारंलच.

हो… मुद्दाम. त्या मॅडमनी विचारलं नसतं तर आपणच सांगितलं असतं म्हणाली. घरात सांगितलं असतं तर मामा, मामी, मी, सगळे पायाशी पडून रडलो असतो आणि तिलाच आम्हाला आवरावं लागलं असतं. सरकारी खोलीत माणूस जास्त रडत नाही. असं म्हणाली.

कसली बाई आहे बघ.

तू आता डोळे पूस. दिवे लागायलेत इथं. गड्ड्याकडनं पाळण्याचा आवाज येतोय… हो, अजून तसाच भोंगा. थोड्या वेळानं उठेल ती. फोन कर आणि म्हण, अज्जी, मी शिवलीला. बास. तुझ्या आवाजात म्हण… काय बोलू म्हणजे? बाळाचं सांग. बाळ कसं हसतं ते सांग. अव्वाचं निघालं तर अव्वाचं बोल. रडलीस तरी चालेल आता. तीच रडेल बहुतेक. अजून रडली नाही ती.

एक सांगायचंय, मग ठेवतो.

घरी आल्यावर मी तिला खाटेवर बसवली. पाय वर घेतले. म्हणाली, अळिया, रत्नीला कुटं ठेवलीय? म्हटलं, आपल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत, अक्कलकोट रोडच्या बाजूला, कडेला लिंबाचं झाड आहे. तोंड कुणीकडं केलंय विचारलं. सांगितलं. लिंग हातात दिलं होतं का? दिलं होतं. बेल? होता. सगळं एकेक विचारून घेतलं. मग म्हणाली, सगळ्यांनी माती टाकली? म्हटलं, सगळ्यांनी टाकली. भाऊ, भावजय, गल्ली, कारखाना. तर म्हणाली, मी कुटं टाकली?

मी म्हटलं, चला, आत्ता नेतो. रिक्षा खालीच होती. खरंच निघालो असतो.

नको म्हणाली. शिवी येऊ दे. तिनंबी टाकली न्हाय… हो ना, तुला कुठं येऊ दिलं होतं आम्ही. सातवा सरलेला, पोटुशी बाईनं मयतीत यायचं नाही म्हणून तुला पुण्यातच ठेवलं. अज्जीला ते ध्यानात आहे. म्हणाली, आई राहिली आणि लेक राहिली. आम्ही दोघी एकदम जाऊ. मला दिसत न्हाय, ती माझा हात धरंल.

कधी येतीस?… नाही, घाई नाही. बाळाला प्रवास झेपेल तेव्हा ये. सासूबाईंना विचारून ये. थंडी सरू दे.

हं… हं… अगं मी बरा आहे. जेवतो. इथंच जेवीन आज, मामी भाकरी करायलीय. घरी जाऊन काय…

उठली वाटतं अज्जी. खाट वाजली… हो, हो, आलो आत्या, शिवीशीच बोलतोय… नाही, आता नको बोलू, तू तुझा फोन कर. तिला वाट बघू दे, तिला ती सवय झालीय. मी ठेवतो.

…हां. बाकी सगळं झालंय, शिवी. दिवस झाले, घास वाढला, जंगमाला जेवू घातलं, आज मत पण झालं. तुझ्या अव्वावर तुम्हा दोघींची मूठभर माती टाकायची तेवढी राहिलीय.